पहिली मात्रा



मराठीत ‘सम’ असा एक छोटासा शब्द आहे. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. तबलावादक मध्ये कितीही अवघड वाजवू दे, गायक ताना घेत कितीही लांब जाऊन येऊ दे, शेवटी दोघांना समेवर एकत्र यावंच लागतं. ते बरोबर आले की ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप हलतात आणि मागून कोणीतरी “वा!” म्हणतं.

गेल्या वर्षी आपल्या शनिवारच्या वर्गात मी हा शब्द शिकवत होतो. शाळेच्या बँडमध्ये बास गिटार वाजवणारा एक विद्यार्थी माइक सुरू करून म्हणाला, “दादा, आमचे बँडचे सर पण हेच सांगतात. फंक वाजवताना बाकी काहीही करा, पण ‘वन’वर सगळे भेटा.” त्या दिवशी वर्ग वीस मिनिटं उशिरा संपला. आणि मला या पाठाचा विषय मिळाला.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत शिकलो. शाळेत लेझीम, गावात भजन आणि सुट्टीत तबल्याचा क्लास, एवढंच माझं संगीत. नोकरीसाठी अमेरिकेत ओहायो राज्यात आलो, तेव्हा इथलं संगीत मला फारसं माहीत नव्हतं. नंतर कळलं की फंकची दोन मोठी ठिकाणं याच राज्यात आहेत: सिनसिनाटी आणि डेटन. दोन्ही माझ्या घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर. मग मी ऐकायला आणि वाचायला लागलो.

वासाचा शब्द

‘फंक’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ आहे उग्र वास. कोंदट खोलीचा, घामेजलेल्या अंगाचा. कोणाला ‘फंकी’ म्हणणं ही काही स्तुती नव्हती. पण न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कृष्णवर्णीय वादकांनी शंभरेक वर्षांपूर्वीच हा शब्द संगीतासाठी वापरायला सुरुवात केली. त्यांच्या दृष्टीने घाम येईपर्यंत वाजवलेलं आणि घाम येईपर्यंत नाचलेलं संगीत म्हणजे खरं संगीत. १९५० च्या दशकात जॅझ वादकही ‘फंकी’ हा शब्द कौतुकाने वापरू लागले. १९५३ साली होरेस सिल्व्हर या पियानोवादकाने आपल्या एका रचनेच्या नावातच ‘फंक’ हा शब्द घातला.

मराठीत असंच काहीसं ‘गावरान’ या शब्दाचं झालं. एकेकाळी शहरातले लोक नाक मुरडून कोणाला ‘गावरान’ म्हणायचे. आज हॉटेलच्या पाटीवर ‘गावरान चव’ असं लिहिलेलं असलं की लोक रांग लावतात.

तुमच्यापैकी काही जणांनी मला सांगितलंय की शाळेत डबा उघडल्यावर मेथीच्या किंवा लसणाच्या वासावरून मुलं चिडवतात. त्याची आणि गुलामगिरीची बरोबरी मुळीच होत नाही. पण आपल्या घराच्या वासाला कोणी नाव ठेवलं की कसं वाटतं, हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांनी त्याच शब्दाचं गाणं केलं, त्यांनी किती मोठं काम केलं याचा अंदाज तुम्हाला त्यावरून येईल.

ढोलावर बंदी

फंकमध्ये ताल सगळ्यांत पुढे असतो. यामागे मोठा इतिहास आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी १७३९ साली साउथ कॅरोलायनात, स्टोनो नदीजवळ उठाव केला. ते ढोल वाजवत, आणखी लोकांना बोलावत पुढे गेले. उठाव चिरडला गेला. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तिथल्या सरकारने कायदा करून गुलामांना ढोल वाजवायची बंदी केली. ढोलाचा आवाज लांब जातो आणि माणसांना एकत्र आणतो, हे मालकांनी ओळखलं होतं.

ढोल गेले, पण ताल गेला नाही. लोक टाळ्या वाजवून, पाय आपटून, मांडीवर आणि छातीवर थाप देऊन ताल धरू लागले. चर्चमधल्या गाण्यातही तो ताल आला. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात रविवारी ढोल वाजवायची आणि नाचायची मोकळीक बराच काळ होती. त्या शहराच्या मिरवणुकांमध्ये तो झुलता ताल आजही ऐकू येतो. तिथल्याच ‘द मीटर्स’ या बँडने १९६९ साली ‘सिसी स्ट्रट’ हे वाद्यसंगीत रेकॉर्ड केलं. ते ऐकलंत तर मिरवणूक रस्त्यावरून स्टुडिओत शिरल्यासारखी वाटेल.

जेम्स ब्राऊन आणि ‘वन’

आता ज्यांना फंकचे जनक म्हणतात, त्या जेम्स ब्राऊन यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म १९३३ साली साउथ कॅरोलायनात झाला. लहानपण जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात फार गरिबीत गेलं. त्यांनी कापूस वेचला, लोकांच्या बुटांना पॉलिश केलं. अंगावर धड कपडे नाहीत म्हणून शाळेतून घरी पाठवलं गेल्याची आठवण ते पुढे सांगत.

मोठेपणी ते शिस्तीला फार कडक झाले. त्यांच्या बँडमध्ये कोणी चुकीचा स्वर वाजवला किंवा कोणाचे बूट चकाकत नसले, तर दंड व्हायचा. नाचता नाचता ते हाताच्या बोटांनी दंडाची रक्कम दाखवायचे! प्रेक्षकांना वाटायचं, हा नाचाचाच भाग आहे.

त्या काळच्या बहुतेक नाचाच्या गाण्यांमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असायचा. म्हणजे एक-दोन-तीन-चार. १९६५ साली ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ या गाण्यात ब्राऊन यांनी सगळ्या बँडला पहिल्या मात्रेवर आणलं. दोन-चारचा ठोका गेला नाही, पण आता सगळे मिळून ‘एक’वर आदळू लागले. या पहिल्या मात्रेला ते ‘द वन’ म्हणत. आपली समच म्हणा ना!

दोन वर्षांनी, १९६७ साली, सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्स या कंपनीच्या स्टुडिओत ‘कोल्ड स्वेट’ हे गाणं रेकॉर्ड झालं. नावाचा अर्थ ‘थंड घाम’. पाहा, इथेही घाम आलाच. या गाण्यात चाल अशी फार नाही. मोठा भाग एकाच कॉर्डवर फिरत राहतो. मग ऐकायचं काय? ताल. गाण्याच्या मध्ये ब्राऊन बाकीच्या वादकांना थांबवतात आणि ड्रम वाजवणाऱ्याला मोकळी जागा देतात. नेहमी मागे बसणारा माणूस एकदम पुढे येतो.

मी ती इमारत बघायला गेलो होतो. ब्रूस्टर अव्हेन्यूवर, महामार्गाला लागून, विटांची जुनी, पडीक इमारत आहे. एकेकाळी तिथे गाणं रेकॉर्ड व्हायचं, तिथेच तबकड्या बनायच्या आणि तिथूनच ट्रकमध्ये भरून जायच्या. गोरे आणि कृष्णवर्णीय कामगार तिथे एकत्र काम करायचे. त्या काळी हे सगळीकडे दिसत नव्हतं.

करून पाहा

आता उभे राहा. ‘त-क-धि-मि’ हे बोल चार वेळा म्हणा. एकूण सोळा अक्षरं झाली. अगदी पहिल्या ‘त’वर पाय जोरात आपटा. दुसऱ्या आणि चौथ्या ‘तकधिमी’च्या ‘त’वर टाळी वाजवा. उरलेली अक्षरं तोंडातल्या तोंडात म्हणा. हे न थांबता एक मिनिट करत राहिलात, तर फंकचा सांगाडा तुमच्या अंगात आला.

तीनतालातही सोळा मात्रा असतात. पण तिथे सोळा मात्रांना वेळ जास्त लागतो आणि त्यात ‘खाली’ असते. फंकमध्ये चार मात्रांचे सोळा छोटे तुकडे केलेले असतात. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे मला ते सोळा चौकोनांसारखे दिसतात. प्रत्येक चौकोनात एक तर ठोका किंवा शांतता. कोणत्या चौकोनात वाजवायचं नाही, हे ठरवणं सगळ्यांत अवघड असतं.

सगळीच वाद्यं ढोल

फंकची दुसरी गंमत म्हणजे यात प्रत्येक वाद्य ढोलासारखं वाजतं. ब्राऊन यांचे गिटारवादक जिमी नोलन तारा पूर्ण दाबायचेच नाहीत. त्यामुळे ‘चिक-चिक’ असा कोरडा आवाज यायचा, कोंबडीने माती उकरावी तसा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले लांब सूर धरण्याऐवजी छोटे छोटे फटके मारायचे. ब्राऊन स्वतः शब्दांपेक्षा हुंकार आणि आरोळ्यांनीच ताल द्यायचे.

बास गिटारचं तर रूपच बदललं. कॅलिफोर्नियात लॅरी ग्रॅहम नावाचा तरुण आपल्या आईबरोबर कार्यक्रम करायचा. आई पियानो वाजवून गायची. त्यांच्याकडे ड्रम वाजवायला कोणी उरलं नाही, तेव्हा लॅरीने बासच्या तारांवर अंगठ्याने थाप मारायला आणि बोटाने तार ओढून सोडायला सुरुवात केली. थाप म्हणजे मोठा ड्रम, ओढलेली तार म्हणजे छोटा ड्रम. यालाच आज ‘स्लॅप बास’ म्हणतात. आपल्या वर्गातला तो बासवाला विद्यार्थी हेच शिकतोय.

हे लॅरी ग्रॅहम पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडमध्ये आले. त्या बँडमध्ये कृष्णवर्णीय होते, गोरे होते, पुरुष होते, स्त्रियाही होत्या. सिंथिया रॉबिन्सन तिथे ट्रम्पेट वाजवायच्या. १९६९ च्या शेवटी आलेल्या त्यांच्या एका गाण्याच्या नावाचा अर्थ ‘मला पुन्हा माझ्यासारखं राहू दिलंत, आभारी आहे’ असा आहे. पण ते नाव त्यांनी पुस्तकी इंग्रजीत न लिहिता, बोलताना जसं ऐकू येतं तसंच लिहिलं. मला ही गोष्ट फार आवडते. मीसुद्धा या पाठात ‘केले’ न लिहिता ‘केलं’ लिहितोय, कारण माझ्या घरी तसंच बोलतात.

१९६८

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अमेरिकेतल्या अनेक शहरांत जाळपोळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये जेम्स ब्राऊन यांचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द करण्याऐवजी टीव्हीवर थेट दाखवायचं ठरलं, म्हणजे लोक घरी बसतील. ब्राऊन गायले, लोकांशी बोलले, मंचावर चढलेल्या तरुणांना त्यांनी स्वतः शांत केलं. इतर अनेक शहरांच्या मानाने बॉस्टनमध्ये ती रात्र शांततेत गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ‘से इट लाउड – आय ॲम ब्लॅक अँड आय ॲम प्राउड’ हे गाणं रेकॉर्ड केलं. मी ब्लॅक आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, हे मोठ्याने सांगा, असा त्याचा अर्थ. आज तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळात कोणाला तोंडावर ‘ब्लॅक’ म्हटलं तर ते अनेकांना लागायचं. ‘निग्रो’ हा शब्द सभ्य समजला जायचा. या गाण्यानंतर ‘ब्लॅक’ हा शब्द मान ताठ ठेवून म्हणायचा शब्द झाला. त्यात ब्राऊन अर्धं वाक्य म्हणतात आणि मुलांचा गट ते पूर्ण करतो. त्या गटातली बरीच मुलं गोरी आणि आशियाई होती, असं ब्राऊन यांनी नंतर सांगितलं.

आधी घामाचा वास, मग ढोल, मग रंगाचं नाव. ज्याला लोकांनी मागे ढकललं होतं, त्याला फंकने आणून पहिल्या मात्रेवर बसवलं. माझ्या मते फंक म्हणजे हेच.

कारखान्यांचं गाव आणि अवकाशयान

डेटनमध्ये तेव्हा मोटारींचे आणि फ्रिजचे मोठे कारखाने होते. दक्षिणेकडच्या राज्यांतून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी तिथे आली होती. हाताला पगार होता आणि सरकारी शाळांमध्ये चांगले बँड होते. त्या एका शहरातून आणि आसपासून ओहायो प्लेयर्स, स्लेव्ह, लेकसाइड, झॅप असे कितीतरी बँड निघाले. ओहायो प्लेयर्सचं ‘फायर’ हे गाणं १९७५ च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

सिनसिनाटीचा बूट्सी कॉलिन्स १९७० साली जेम्स ब्राऊन यांच्या बँडमध्ये आला, तेव्हा विशीतही नव्हता. पहिल्या मात्रेचं महत्त्व आपल्याला ब्राऊन यांनी शिकवलं, असं तो नेहमी सांगतो. पुढे तो जॉर्ज क्लिंटन यांच्याकडे गेला. क्लिंटन एकेकाळी न्यू जर्सीत केस कापण्याचं दुकान चालवायचे. १९७५ साली त्यांच्या ‘पार्लमेंट’ या बँडने ‘मदरशिप कनेक्शन’ हा अल्बम काढला, आणि त्यानंतरच्या कार्यक्रमांत मंचावर चक्क एक अवकाशयान उतरायचं! ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांनी बांधून जहाजातून आणलं, ते आता स्वतःच्या यानातून येत होते. त्या यानाची नंतर बनवलेली प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर नक्की बघा.

साथीदाराचं नाव

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो.

‘कोल्ड स्वेट’मध्ये ड्रम वाजवणाऱ्या माणसाचं नाव क्लाइड स्टबलफील्ड. त्यांचा जन्म १९४३ साली टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात झाला. ते स्वरलिपी वाचायला शिकले नव्हते. लहानपणी आसपासच्या कारखान्यांचे आणि आगगाडीचे आवाज ऐकून त्यांनी ताल उचलला. नोव्हेंबर १९६९ मध्ये किंग स्टुडिओत त्यांनी जे वाजवलं, ते ‘द फंकी ड्रमर’ या नावाने पुढच्या वर्षी बाजारात आलं. त्यात बाकीचे थांबतात आणि काही सेकंद एकटा ड्रम वाजतो. नीट ऐका. मोठ्या ठोक्यांच्या मध्ये अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके आहेत. त्यांना ‘घोस्ट नोट्स’, म्हणजे भुतासारखे ठोके म्हणतात. ते काढून टाकले तर ताल बरोबर राहील, पण पाय हलणार नाहीत.

त्या वेळी हे गाणं फार गाजलं नाही. पण १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्कने पार्टीत दोन तबकड्या लावून गाण्यांमधला नुसता ड्रमचा तुकडा लांबवायला सुरुवात केली होती. तिथूनच हिप-हॉप उभं राहिलं. नंतर आवाजाचे तुकडे साठवणारी यंत्रं आली आणि ‘फंकी ड्रमर’चा तो तुकडा हजाराहून जास्त गाण्यांत वापरला गेला. ‘पब्लिक एनिमी’चं १९८९ चं ‘फाइट द पॉवर’ हे त्यातलंच एक. तुमच्या फोनमधल्या गाण्यांतही तो कुठेतरी सापडेल.

या सगळ्याचे किती पैसे क्लाइड यांना मिळाले? जवळजवळ नाहीच. गाण्याचे लेखक म्हणून कागदावर फक्त जेम्स ब्राऊन यांचं नाव होतं. कायद्याने चाल आणि शब्द करणाऱ्याला लेखक मानलं, ताल वाजवणाऱ्याला नाही. गाण्याचं नावच ‘ड्रमर’, आणि त्या ड्रमरचंच नाव नाही!

मी ज्या क्षेत्रात काम करतो, तिथे कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद राहते. दहा वर्षांनीही ती काढून बघता येते. माझ्या आजोबांची अशी नोंद कुठेही नाही. ते गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज वाजवत होते. घरी एका जुन्या कार्यक्रमाचं पत्रक आहे. त्यावर वर मोठ्या अक्षरात बुवांचं नाव आहे आणि खाली फक्त दोन शब्द: ‘व साथीदार’. क्लाइड यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला ते पत्रक आठवलं.

क्लाइड १९७१ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात राहायला गेले आणि तिथे अनेक वर्षं दर सोमवारी रात्री वाजवत राहिले. त्यांना कॅन्सर झाला, तेव्हा उपचारांचं मोठं बिल प्रिन्स या गायकाने कोणाला न सांगता भरलं. क्लाइड २०१७ साली वारले.

या आठवड्यात तुमच्या आवडीचं एक गाणं निवडा. त्यात ड्रम, तबला किंवा ढोलकी कोणी वाजवली आहे ते शोधा. आईबाबांच्या आवडीचं जुनं हिंदी किंवा मराठी गाणं घेतलंत तरी चालेल. शनिवारी वर्गात येताना ते नाव वहीत लिहून आणा. गायकाचं नाव नको, ते सगळ्यांना माहीत असतं.

शब्दार्थ

मात्रा – ताल मोजण्याचं माप
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
उठाव – अन्यायाविरुद्ध एकत्र येऊन केलेला लढा
सांगाडा – आतली मूळ रचना
हुंकार – ‘हं’ असा घशातून काढलेला आवाज
तबकडी – गाण्याची रेकॉर्ड
साथीदार – मुख्य कलाकाराबरोबर वाजवणारा
बुवा – भजन किंवा कीर्तन सांगणारे मुख्य गायक

विचार करा आणि बोला

१. ‘सम’ आणि ‘द वन’ यांत साम्य काय आहे? फरक काय आहे?
२. साउथ कॅरोलायनाच्या सरकारला ढोलाची भीती का वाटली?
३. लॅरी ग्रॅहम यांनी बास वाजवण्याची नवी पद्धत का शोधली?
४. ताल वाजवणाऱ्यालाही गाण्याचा लेखक मानावं का? तुमचं मत पाच वाक्यांत सांगा.
५. एकेकाळी टोमणा होता आणि आज कौतुक आहे, असा कोणता शब्द तुम्हाला माहीत आहे? घरी आजी-आजोबांना विचारा.